म्युझिकल थिएटरसाठी कॉलेज निवडताना विद्यापीठाचं नाव बघावं की तिथलं शिक्षण?

तुमच्या मुलीचे मार्क उत्तम आहेत, तिला अमेरिकेत म्युझिकल थिएटर शिकायचंय, आणि नावाजलेलं विद्यापीठ घ्यावं की जिथे शिकवतात चांगलं तिथे पाठवावं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी यातून गेली, म्हणून लिहिते.

विद्यापीठात प्रवेश मिळणं आणि या कोर्सला प्रवेश मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सिनसिनाटी विद्यापीठाचं नाव आपल्या लोकांच्या गप्पांत कधी येत नाही, पण तिथल्या सीसीएममध्ये (संगीत आणि नाटकाचं त्यांचं कॉलेज) म्युझिकल थिएटरला मोजकीच मुलं घेतात आणि त्यासाठी देशभरातून झुंबड उडते. येलला मात्र बीएच्या पातळीवर म्युझिकल थिएटर हा मेजरच (मुख्य विषय) नाही. नॉर्थवेस्टर्नला थिएटर मेजरला ऑडिशनशिवाय अर्ज करता येतो, म्युझिक थिएटरच्या सर्टिफिकेटसाठीची ऑडिशन आत गेल्यावर. मिशिगन विद्यापीठाला आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या (एनवाययू) टिश या कला विभागाला ऑडिशनही हवी आणि अभ्यासही.

म्हणून आधी मुलीलाच विचारा, नाटक सोडून आणखी काही मनापासून शिकायचंय का? बीएफएमध्ये (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे कलेचीच पदवी) दिवसभर गाणं, नाच, अभिनय, आणि संध्याकाळी तालमी. दुसऱ्या विषयाला जागा जवळजवळ उरत नाही. तसं काही हवं असेल तर बीए बघा, त्यात कमीपणा काही नाही.

आम्ही जानेवारीत युनिफाइड ऑडिशन्सना (पुष्कळ कॉलेजं एकाच ठिकाणी घेतात त्या) न्यूयॉर्कला गेलो. कॉरिडॉरभर मुलं भिंतीकडे तोंड करून गळा तापवत होती. आत जाऊन पियानोवाल्यापुढे नोटेशनची फाइल उघडायची, मांडीवर ठेका धरून लय दाखवायची आणि सोळा बार, म्हणजे गाण्याचा छोटासा तुकडा, गायचे. मिनिटभरात संपतं सगळं. एका मोठ्या नावाच्या ठिकाणी तिला ‘थँक यू’ म्हणून बाहेर पाठवलं. दुसऱ्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या कॉलेजच्या बाईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, धाकटा भाऊ घर सोडून निघालाय असं समज आणि त्याला हे सांग. परत गायली तेव्हा गाणंच बदललं होतं, असं तीच सांगत होती. ट्रेनमध्ये म्हणाली, “आई, पाच मिनिटांत त्यांनी मला शिकवलं गं.” ती तिथेच गेली. मार्कांमुळे फीमध्ये चांगली सवलतही मिळाली, म्हणजे अभ्यास वाया गेला नाही. (माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की ती संगीत नाटकाच्या शाळेत जाते. त्यांचं अगदीच चुकीचं आहे असं मला वाटत नाही.)

कॉलेज बघायला जाल तेव्हा शिक्षकांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठा. गाण्याचा एकट्याचा तास आठवड्याला किती वेळ असतो? पहिल्या वर्षी रंगमंचावर येऊ देतात का? मधल्या वर्षांत मुलांना काढून टाकतात का? शेवटच्या वर्षी कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या एजंटांसमोर शोकेस (मुलांचं काम दाखवायचा कार्यक्रम) होतो का? आम्ही एका प्रसिद्ध ठिकाणी पहिलाच प्रश्न विचारला, तर उत्तर गोल गोल आलं. नाव खोडलं.

आणि अर्जांत दोन तरी ठिकाणं बिनऑडिशनची ठेवाच. प्रीस्क्रीनचे, म्हणजे ऑडिशनआधीच्या चाळणीचे, व्हिडिओ पुष्कळ ठिकाणी शरद ऋतूतच मागतात, तेव्हा गाणी आणि मोनोलॉग (नाटकातली स्वगतं) उन्हाळ्याच्या सुट्टीत पक्के करून घ्या.