दुसरीचं वर्ष पुन्हा कशाला?

ताई,
आम्ही मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहतो. धाकटी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. शाळा दोन शिक्षकी. हिशेबात ती बरी आहे, पण वाचन येत नाही. धडा धडाधड म्हणते, आणि किराण्याच्या पिशवीवरचा एक शब्द लागत नाही. बाई म्हणतात, 'अजून एक वर्ष दुसरीतच ठेवूया, पाया पक्का होईल.' सासूबाईंचंही तेच मत. अमेरिकेतले दीर म्हणाले, तिकडेही वाचता न येणाऱ्या मुलांना तिसरीत मागे ठेवतात. परवा पोर मला म्हणाली, 'आये, मी ढ आसय काय?' १ मेला निकाल आहे. काय करू?
– एक आई

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या, आजच. तिच्याच बोलीत सांगा, 'नाय गो बाये, तू ढ नाय. तुका वाचूक अजून जमना नाय, ता आपण शिकूया.' मोठी माणसं तिच्यासमोर पाया, वर्ष, नापास असं बोलत असतील तर ते आजपासून बंद. ती सगळं ऐकते आहे.

आता तुमचा प्रश्न. तिला दुसरीत ठेवू नका.

तुमच्या शाळेचंच बघा. दोन शिक्षकी शाळेत बहुतेक वेळा पहिली-दुसरी एका खोलीत असते. म्हणजे मागे ठेवलं तर तीच खोली, त्याच बाई, तेच पुस्तक. बदलणार फक्त शेजारी बसणारी मुलं, तीही तिच्यापेक्षा वर्षाने लहान. जे पुस्तक तिला आधीच पाठ आहे ते आणखी एकदा पाठ होईल. यात वाचन कुठून येणार?

शिवाय दुसरीत मुलाला असं मागे ठेवता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याने ते थांबवलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीपुरती मोकळीक मिळाली. आपल्याकडे २०२३-२४ पासून त्या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर वर्ष तिथेच. पण नुसतं वर ढकलून चालणार नाही, हेही तितकंच खरं. पाचवीला तीन वर्षं आहेत, आणि ती हातची घालवायची नाहीत.

दीरांचं म्हणणं खोटं नाही. फ्लोरिडात २००२ मध्ये आणि मिसिसिपीत २०१३ मध्ये तसे कायदे झाले. पण तिथे मागे ठेवणं हा सगळ्यात शेवटचा भाग आहे. त्याआधी लहान वर्गांपासून वाचनाची तपासणी, शिक्षकांना प्रशिक्षण, अडलेल्या मुलाला रोजचा जादा वेळ. आपण यातलं शेवटचंच तेवढं उचलायला निघालो आहोत.

तेव्हा गाडी नेमकी कुठे अडते ते आधी शोधा. धड्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा. पाठांतर तिथे उघडं पडतं. मग सुटी अक्षरं, मग 'कमळ'सारखे साधे शब्द, मग दोन-चार ओळी, मग छोटी गोष्ट. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतही मुलांचं वाचन साधारण याच पायऱ्यांनी बघतात. घ आणि ध, भ आणि म यांत घोटाळा होतो का? 'दिवा' वाचताना ती थबकते का? ऱ्हस्व वेलांटी लिहायची द च्या आधी, उच्चारायची द च्या नंतर. आपल्याला सवय झाली म्हणून ते सोपं वाटतं. आणि पुस्तक बाजूला ठेवून, 'तारली' मधला 'ता' काढला तर काय उरलं, हे तोंडी विचारा. तिथेच अडली तर नुसती अक्षरं गिरवून भागणार नाही. महिनाभर असे ध्वनीचे खेळ खेळा.

आणखी एक. तुमच्या घरात मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. 'माका' म्हणणाऱ्या पोरीला 'मला' वाचायचं असतं. तेव्हा तिला रोज काहीतरी सांगायला लावा: आजीच्या कोंबडीचं, जाळ्यात आलेल्या खेकड्याचं. ती बोलेल तसं, मालवणीतच, मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून घ्या आणि तिलाच वाचायला द्या. शब्द तिच्याच तोंडचे, त्यामुळे अर्थ आधीच ठाऊक असतो. कष्ट फक्त अक्षरांचे उरतात. तिचे बाबा बोटीवर असतील तर १ जूनपासून पावसाळी बंदीत घरीच असणार. रोजची वीस मिनिटं त्यांच्याकडे द्या.

डोळे आणि कान तपासून घ्या, हे मे महिन्यातच. दोन्ही ठीक निघाले, घरी-शाळेत मेहनत झाली आणि तरी आठ वर्षांची होईतो अक्षरं जुळली नाहीत, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं का याची, तपासणी करायला लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, पुढे कुठे जायचं ते तेच सांगतील. पत्रावरून मी निदान करणार नाही, आणि शेजारपाजारच्यांनाही करू देऊ नका.

बाईंशी भांडू नका. दोन वर्ग, पोषण आहार, वरून मागवलेली माहिती, हे सगळं सांभाळून त्या शिकवतात. त्या सल्ल्यामागे काळजीच आहे. जूनमध्ये जाऊन एकच मागा: मुलगी तिसरीतच बसेल, पण वाचनाचा रोजचा एक तास तिला दुसरीच्या मुलांसोबत बसू द्या. दोन खोल्यांच्या शाळेत हे सहज जमतं. गणिताला तिला परत तिसरीत पाठवा, तिथे ती दोन मुलांना शिकवेलसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीत मला परत लिहा. सोबत तिने सांगितलेली एक गोष्ट पाठवा, तिच्या मालवणीत, तिच्या अक्षरात.