कॅमेरा लावा, पण आधी दाराची कडी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा दोघंच राहतात, तुम्ही बंगळुरूला, बहीण कॅनडात. कॅमेरे कुठले बसवू आणि त्यांच्या फोनमध्ये कुठले नंबर घालून ठेवू? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय सारखा निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेरे बसवा, हरकत नाही. पण बाबा हॉलमध्ये पडलेले तुम्हाला बंगळुरूत दिसले, पुढे काय? दार कोण उघडणार? आपल्याकडे रात्री लॅच लागतं, वर कडी, वर साखळी आणि सेफ्टी डोअरला आतून कुलूप. मग शेजारी दिलेली किल्ली शोभेपुरती. दोन्ही दारांना बाहेरून किल्लीने उघडणारं चांगलं लॅच बसवा आणि कडी-साखळीची सवय मोडा. आई कुरकुर करतील, करू देत. एक किल्ली त्याच मजल्यावर आणि दुसरी वेगळ्या इमारतीतल्या माणसाकडे ठेवा. दिवाळीत अख्खा मजला गावी गेलेला असतो.

बाथरूमचं दार आत उघडत असेल तर सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस आत दारालाच टेकून पडला की आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आतली कडी काढा, नाहीतर बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा. धरायचा दांडा भिंतीत स्क्रूने पक्का केलेला हवा. रबरी चकतीने चिकटवायचे दांडे ऐन वेळी हातात येतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा आणि वाटेतली घसरणारी पायपुसणी उचला.

शेजाऱ्यांना एवढंच सांगून ठेवा की दुधाची पिशवी नऊपर्यंत दाराला लटकलेली दिसली तर बेल वाजवा. आणि बाबांची 'सुप्रभात'ची फुलं रोज सव्वासातला येत असतील तर त्यांना नावं ठेवू नका. ज्या दिवशी आली नाहीत, त्या दिवशी फोन करा.

नंबर फोनमध्ये घालाच, पण फ्रिजवर ठळक अक्षरांत कागदही लावा: रुग्णवाहिका १०८, पोलिस ११२, सायबर फसवणूक १९३०. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. पेन्शन, कायद्याचा सल्ला, घरातला छळ, अशा गोष्टींसाठी ती चांगली. मध्यरात्री छातीत कळ आली तर तिथे फोन लावत बसू नये. त्याच कागदावर चालू औषधं, ॲलर्जी आणि मेडिक्लेमचा नंबर लिहा. धावत आलेल्या शेजाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलिस ठाण्याने ठेवावी, असं नियमातच आहे; तिथे जाऊन नाव घालून या. कामवाल्या मावशी, केअरटेकर यांची माहितीही तेव्हाच द्या.

आता फसवणूक. रस्त्यावरची पद्धत जुनीच: 'आम्ही पोलिस, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा' किंवा 'शेटला मुलगा झालाय, साडी वाटतोय, गरीब दिसायला हवं'. अशी बतावणी पेपरात नेहमी वाचतो, तरी माणसं फसतातच. फोनवरची जास्त महागात पडते. व्हिडिओ कॉलवर पोलिस असल्याचं भासवून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' असं घाबरवतात आणि पैसे उकळतात. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी कोणाला अटक करत नाही. 'हे मुलांना सांगू नका' असं समोरचा म्हणाला की तिथेच फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा, हा घरचा नियम करा. यूपीआय आणि नेटबँकिंगची मर्यादा घरखर्चापुरतीच ठेवा. मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, तेही बँकेत विचारा.

आणि कृपा करून रागावू नका. 'बाबा, तुम्ही एवढे शिकलेले...' हे वाक्य ऐकावं लागेल म्हणूनच माणसं दोन-दोन दिवस गप्प राहतात. १९३० ला लगेच कळवलं तर समोरच्याच्या खात्यातले पैसे गोठवायला वाव असतो. दोन दिवसांत ते दहा खाती फिरून आलेले असतात.

सरकारी कामांत दोनच गोष्टी आधी उरका. सत्तरी पार केलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. जवळचं कुठलं रुग्णालय यादीत आहे ते आत्ताच बघून ठेवा. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो किंवा पोस्टमन घरी येऊन करून देतो. फक्त आधारला जोडलेला नंबर त्यांचाच असू द्या. बऱ्याच घरांत तो मुलाचा असतो, आणि मग ओटीपी जातो बंगळुरूला, मुलगा असतो मीटिंगमध्ये, आणि आई-बाबा खिडकीपाशी ताटकळत.