निंदणीत निंदा कुणाची?

एका ताईंचा प्रश्न आलाय. माहेर बार्शीकडचं, तिथे पिकातलं तण काढण्याला सगळे खुरपणी म्हणतात, लग्न होऊन यवतमाळकडे गेल्या तर सासरी निंदण, शिवाय डवरण म्हणून आणखी एक काम, तर हे सगळं एकच का आणि निंदणीचं निंदेशी काही नातं आहे का? शेवटी एक तक्रार पण आहे. सासूबाईंनी निंदायला सांगितलं म्हणून यांनी घोळ नावाची रानभाजीसुद्धा उपटून बांधावर फेकली आणि संध्याकाळी सासूबाई तीच वेचून पदराच्या ओट्यात भरून घरी घेऊन आल्या, मग घोळ तण आहे की नाही?

निंदा आधी निकालात काढू. दिसायला जुळे भाऊ, पण नातं काही नाही. निंदा आली संस्कृत निन्द् धातूपासून आणि निंदणी आली (निदान मला तरी हेच पटतं) निर्दा वरून, म्हणजे कापून काढणे. मनुस्मृतीत सातव्या अध्यायात राजाला उपदेश करताना शेतकऱ्याचीच उपमा दिलीय, ‘यथोद्धरति निर्दाता कक्षं धान्यं च रक्षति’, निंदणारा जसं तण उपटतो आणि धान्य राखतो तसं राजाने राष्ट्र राखावं. तिथला निर्दाता म्हणजे आपला निंदणारा. मधे अनुस्वार कुठून घुसला म्हणाल तर प्राकृतात ही खोड जुनीच, वक्र चं वंक झालं तसंच. शेजारी मध्य प्रदेश-छत्तीसगडात पण निंदाईच म्हणतात, त्यामुळे विदर्भात हा शब्द पक्का बसलाय यात नवल नाही.

खुरपणीचं वेगळं. तिथे कामाला हत्याराचं नाव मिळालंय. खुरपं हा शब्द क्षुरप्र वरून, क्षुर म्हणजे वस्तरा, आणि गंमत म्हणजे क्षुरप्र हे एका बाणाचंही नाव होतं, रुंद धारदार टोकाच्या. म्हणजे काकू ओळीत बसून जे चालवतात त्याचा चुलतभाऊ युद्धात फिरून आलाय! मी सांगलीकडचा, आमच्यात याच कामाला भांगलण म्हणतात, हातात खुरपंच असतं पण ‘बायका भांगलायला गेल्यात’ असंच बोलणार. कोकणात बेणणी. तर निंदणी, खुरपणी, भांगलण, बेणणी साधारण एकच काम, गाव बदललं की नाव बदललं.

डवरणी मात्र यात घालू नका, इथे बरेच शहरी लोक घोळ करतात (भाजीची घोळ नव्हे). डवरा म्हणजेच आमच्याकडचं कोळपं, बैलांनी ओढायचं, खाली आडवी पास म्हणजे लोखंडी पातं, आणि ते दोन ओळींच्या मधून चालतं. त्यामुळे ओळींमधलं तण जातं, पण पिकाच्या अंगाला खेटून जे उगवलंय ते तसंच राहतं, कारण तिथे पास घातली तर पीकच कापलं जाईल. ते काढायला माणूस बसावा लागतो, म्हणून आधी डवरण आणि मग निंदण अशी जोडी. शिवाय कोळपणी नुसती तणासाठी नसते, वरची माती हलली की भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते, ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते यामुळेच.

आता तण. हा शब्द सरळ तृण वरून, प्राकृतात तण झाला आणि मराठीत तसाच राहिला. पण तृण म्हणजे कुठलंही गवत, मराठीत अर्थ आवळून फक्त नको असलेलं एवढाच उरला, आणि नको असलेलं ते काही गवतच असतं असं नाही. हे नुसतं शब्दांचं खेळणं नाही हं, यात पैसे जातात. गाजरगवत घ्या. पानं गाजरासारखी म्हणून गाजर ठीक, पण ते गवत नाहीच, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, तणांच्या वर्गवारीत रुंद पानांच्या गटात मोडणारं झाड. पुण्यात ते 1955 च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात, म्हणून तिथल्या संसदेवरून, म्हणजे काँग्रेसवरून, काँग्रेस गवत हेही नाव चिकटलं, कुणी म्हणतं काँग्रेसवाल्यांच्या पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे. नावात गवत बघून कुणी फक्त गवतावर चालणारं तणनाशक आणून मारलं तर गाजरगवत ढिम्म हलत नाही. लव्हाळ्याचं उलट, तो दिसतो अगदी गवतासारखा पण तोही गवत नाही. दांडा दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात, गवताला तशा लागत नाहीत. आणि खुरप्याने वरून छाटला तर खालच्या गाठी जिवंतच, चार दिवसांत परत वर, म्हणून लव्हाळ्यावर खुरपं फिरवणारी बाई पुटपुटत असते. ती मात्र खरी निंदा.

हराळीची तर कथाच न्यारी. भादव्यात तिच्या कोवळ्या काड्या एकवीस मोजून गणपतीला वाहायच्या, तेव्हा ती दूर्वा, आणि तीच उसात शिरली की हराळी, मग ती काढता काढता नाकी नऊ येतात. वनस्पती एकच, देव्हाऱ्यात एक नाव आणि रानात दुसरं.

आणखी एक निरीक्षण, प्रश्नात नव्हतं तरी सांगतो. गावाकडे तणनाशक हा शब्द दुकानाच्या पाटीवर, तोंडात मात्र ‘औषध मारलं’. झाड मारायचं विष आणि नाव औषध! मला हे आधी चुकीचं वाटायचं, पण रोग पिकाला झालाय आणि तण हा तो रोग असं धरलं तर बरोबरच बसतं. खुरपायला बाया मिळेनात तसं हे औषध वाढलं, आणि नव्या पोरांच्या तोंडी खुरपणीपेक्षा फवारणी जास्त. ‘तण खाई धन’ ही म्हण अजून सगळ्यांना पाठ आहे, पण कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांच्यासारखे नांगरणी न करणारे शेतकरी ती उलटी करून ‘तण देई धन’ म्हणतात, तण मारून रानातच कुजू द्यायचं, त्याचंच खत.

राहिली तुमची घोळ. ताई, तुमचं आणि सासूबाईंचं दोघींचं बरोबर आहे. कपाशीच्या ओळीत ती तणच, उपटायलाच हवी होती. फक्त फेकायची नव्हती, घोळ, तांदुळजा, पाथरी, केना, कुर्डू यांचा कोवळा पाला निंदतानाच बाजूला काढून ओट्यात टाकायचा असतो, हे माहेरी खुरपायला बसला असता तरी कुणीतरी सांगितलंच असतं. एकच बघा, त्या रानात नुकतंच औषध मारलेलं असेल तर भाजी तिथली नको. नसेल तर डाळ घालून करा, आंबटसर लागते, भाकरीबरोबर मस्त.