डिस्ने वर्ल्डमध्ये (ऑरलँडो) जेवणाचं बुकिंग रद्द केलं तर पैसे कापतात का?

वेळेत रद्द केलंत तर नाही. बसून जेवायच्या बहुतेक रेस्टॉरंटमध्ये ठरलेल्या वेळेच्या किमान 2 तास आधी रद्द करायचं असतं. त्यानंतर रद्द केलं किंवा गेलाच नाहीत, तर माणशी 10 डॉलर कार्डावरून जातात. चौघांचं बुकिंग असेल तर थेट 40. पूर्वी आदल्या दिवशीच रद्द करावं लागायचं, त्या मानाने आताचा नियम बराच माणुसकीचा आहे. दिवसभर उन्हात फिरून मुलं पेंगुळली, की रात्री आठचं जेवण नकोसंच होतं; संध्याकाळी सहाच्या आत ॲपमध्ये जाऊन रद्द करा, एक पैसा जात नाही.

मात्र 'हूप-डी-डू'सारख्या कार्यक्रमासह जेवणाचे पूर्ण पैसे आधीच भरलेले असतात, तिथे ही 2 तासांची सवलत धरू नका. बुकिंग करतानाच पडद्यावर अट दिसते, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बुकिंग 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणून लोक एकाच संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी जागा धरून ठेवतात. कृपया तसं करू नका. नको असलेली जागा लगेच सोडलीत तर दुसऱ्या कुटुंबाला मिळते.