वाचक विचारतात: गलाता पुलाचे साल कसे काढायचे?

प्रश्न: घरातल्या जुन्या कागदांत एक रंगीत पोस्टकार्ड मिळाले. फ्रेंचमध्ये 'गलाता पूल, कॉन्स्टँटिनोपल' असे छापले आहे. पुलावर लाल टोप्यांची गर्दी, पाठीवर ओझी घेतलेले हमाल, अलीकडे पांढऱ्या डगल्यातली काही माणसे, पलीकडे मशीद. ट्राम नाही. कार्ड कोरे आहे. फोटो कधीचा असेल? आणि ती पांढऱ्या कपड्यांतली माणसे कोण? (एक वाचक, सातारा)

उत्तर: टोप्या शेवटी, आधी पूल बघा. इस्तंबूलच्या (म्हणजे कार्डावरच्या कॉन्स्टँटिनोपलच्या) गोल्डन हॉर्न खाडीवर जुने पूल जाऊन नवे आले, नाव मात्र तेच राहिले. छापील कार्डांवर बहुधा दोनच भेटतात: 1875 चा, लोखंडी पाँटूनांवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पेट्यांवर, उभा, जेमतेम 14 मीटर रुंद, आणि 1912 चा, तोही तसाच तरंगता, पण 25 मीटर रुंद. तुमच्या कार्डावर कठड्यापासून कठड्यापर्यंत गर्दी दाटलेली असेल, तर पहिल्याची शक्यता जास्त.

ट्राम दिसत नाही, एवढ्यावर निकाल देऊ नका. ती नुकतीच पुढे गेलेली असू शकते. भिंग घेऊन रूळ शोधा. पुलावरून विजेची ट्राम 1914 मध्ये सुरू झाली. रूळ नक्की नसतील तर फोटो त्याआधीचा. वरच्या तारेवर मात्र फार विसंबू नका, छापताना केलेल्या रंगकामात बारीक तार सहज बुजते.

पांढऱ्या डगल्यातले लोक म्हणजे पुलाचे टोल घेणारे. पायी जाणाऱ्यालाही पैसे पडत. ही वसुली 1930 पर्यंत चालली, म्हणून साल काढायला त्यांचा उपयोग थोडा. ते पुलाच्या तोंडाशी उभे राहत, त्यामुळे कॅमेरा कुठे होता ते मात्र कळते. पलीकडची मशीद दोन मिनारांची येनी जामी असेल, तर फोटो पुलाच्या काराकोय या टोकाकडून समोरच्या एमिनोन्यू या टोकाकडे बघत घेतला आहे.

लाल रंगाला पुरावा मानू नका. मूळ फोटो काळापांढरा, रंग छापखान्याचा. टोपीचा आकार खरा, पण तो फक्त 1925 मध्ये या टोपीवर, म्हणजे फेझवर, बंदी आली त्यापूर्वीचा काळ सांगतो. रस्त्यात कुत्री पसरलेली दिसली तर 1910 च्या आधीचा अंदाज करतात, कारण त्या वर्षी ती हजारोंनी पकडून एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. पण पुढे कुत्री पुन्हा वाढली, तेव्हा हा पुरावा कच्चाच.

आता कार्ड उलटा. मागची बाजू मधोमध रेघेने विभागलेली नसेल, तर कार्ड साधारण 1905 पूर्वीचे. रेघ असेल तर छपाई नंतरची, फोटो मात्र कितीही आधीचा असू शकतो. तीच प्लेट प्रकाशक वर्षानुवर्षे वापरत.

स्कॅन 600 डीपीआयवर करा. मोठे केल्यावर ठिपक्यांची जाळी दिसू लागली की थांबा. त्यापुढे दुकानावरची पाटी वाचता येणार नाही, ठिपकेच मोठे होतील.