पर्यावरणाच्या प्रकल्पाची तयार फाईल विकत आणली तर काय बिघडलं?

तुम्ही विचारलंय की मुलगा अकरावीला आहे, जेईईचा क्लास चालू आहे आणि त्यात 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा'चा प्रकल्प. स्टेशनरीच्या दुकानात तयार फाईल मिळते, ती दिली तर काय बिघडलं, आणि मुळात या विषयाचा उपयोग काय?

मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवतो. फाईलीवर मार्क मिळून जातील, पण विषय ज्यासाठी ठेवलाय ते हाती लागणार नाही.

सक्ती कशी आली ते थोडक्यात सांगतो. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवायला सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. त्याआधी १९७७ साली तिबिलिसीला (आजच्या जॉर्जियात) झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या शिक्षणाची पाच उद्दिष्टं मांडली गेली होती: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्या घोषवाक्य स्पर्धा आणि वृक्षदिंड्या बहुतेक वेळा जाणिवेपाशीच थांबतात. माझं मत विचाराल तर शेवटची दोन आली नाहीत तर आधीच्या तिन्हींचा फारसा उपयोग होत नाही.

आपल्या पाण्याचंच बघा. नाशिकच्या बऱ्याच घरांत गंगापूर धरणाचं पाणी येतं. वापरून झालं की ते तपोवन, आगर टाकळी अशा मलनिस्सारण केंद्रांतून गोदावरीत जातं. जे गटारीला जोडलेलंच नाही ते नासर्डी, वाघाडी या गोदावरीला मिळणाऱ्या छोट्या नद्यांतून थेट. पुढे चांदोरी, सायखेडा आणि मग नांदूर मध्यमेश्वर. तिथे गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. ब्रिटिशांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, थंडीत पक्षी उतरू लागले. आज ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. आणि शहराचं सांडपाणी, शेतांतून वाहून आलेलं खत हेच नदीतल्या पाणवेलींचं खाद्य आहे. पाणवेल दाटली की ऊन खाली पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. तीच नदी पुढे पैठणला जायकवाडीत जाते. पाऊस कमी झालेल्या वर्षी समन्यायी पाणीवाटपावरून, म्हणजे वरच्या धरणांतलं पाणी जायकवाडीसाठी सोडण्यावरून, नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात काय वाद पेटतो, ते तुम्ही वाचलंच असेल. ज्या मुलाने नकाशावर बोट फिरवत हा सगळा रस्ता एकदा पाहिलाय, त्याला त्या वादात दोन्हीकडची तहान दिसते. मला हे फार मोलाचं वाटतं.

कौशल्य म्हणजे काय, तेही नाशिकमध्येच दिसलं. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा शेकडो नाशिककरांनी लेखी हरकती दिल्या. झाडांवर प्रेम तर पुष्कळांचं असतं, पण मुदतीत कुठे आणि काय लिहून द्यायचं, हे कुणीतरी शिकवावं लागतं.

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवरच्या गिधाडांची गोष्टही मी वर्गात नेहमी सांगतो. देशभर गिधाडं संपत आली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. ही बंदी गावागावात पाळली जायची तर गुराखी, औषध दुकानदार आणि जनावरांचे डॉक्टर अशा सगळ्यांना कारण माहीत असायला हवं. तुमचा मुलगा इंजिनिअर झाला तरी असल्या साखळीत कुठेतरी असणारच आहे.

प्रकल्पाला विषय सुचवतो: 'आमच्या घराचं पाणी'. सोसायटीची टाकी दिवसात किती वेळा भरते, ते आठवडाभर टिपायचं. मग नासर्डीच्या काठाने सातपूर, सिडको आणि शेवटी टाकळीचा संगम अशा तीन ठिकाणी थांबून पाण्याचा रंग, वास, फेस, काठावरचा कचरा लिहून काढायचा. पाण्यात उतरायचं नाही. सोबत तुम्हीही जा. जे दिसलं त्यावर महापालिकेला एक पानी पत्र लिहायचं आणि त्याची पोच फाईलला जोडायची. दोन रविवारांत होतं, क्लास बुडत नाही.