घरात दोन राउटर असतील तर वाय-फायचं नाव एकच ठेवावं का? आणि नाव लपवलं तर शेजाऱ्यांपासून सुटका होते का?

तुम्ही लिहिलंय की दादरच्या जुन्या इमारतीत तुमच्याकडे दोन राउटर आहेत, एक हॉलमध्ये आणि एक आतल्या खोलीत. सेटिंगमध्ये एसएसआयडी आणि बीएसएसआयडी असे दोन शब्द दिसतात आणि त्यांतला फरक कळत नाही.

नाव एकच ठेवा आणि लपवू नका. पण एकच नाव देण्याआधी दुसरा राउटर कसा जोडलाय ते पाहा, कारण खरी गडबड तिथेच होते.

एसएसआयडी म्हणजे फोनच्या यादीत दिसणारं नाव. बीएसएसआयडी म्हणजे ते नाव प्रसारित करणाऱ्या एकेका रेडिओचा पत्ता: अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून १२, दोन-दोनच्या सहा जोड्यांत. चाळीला जिने दोन असले तरी पाटी एकच असते, तसंच हे. तुमच्या प्रत्येक राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन रेडिओ असतील, तर नाव एक आणि बीएसएसआयडी चार. सध्या कुठल्या रेडिओला जोडलोय हे पाहायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही कमांड इंग्रजीत टाइप करा. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर ऑप्शन बटण दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. आतल्या खोलीत बसूनही हॉलचाच बीएसएसआयडी दिसत असेल तर लॅपटॉप जुन्याच राउटरला चिकटून बसलाय. वाय-फाय एकदा बंद-चालू करा.

आता जोडणी. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (स्वतःचं वेगळं नेटवर्क न बनवण्याची सोय) असेल तर तोच निवडा, जोडणीसाठी बाकी काही करावं लागत नाही. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या, आणि हा पत्ता मुख्य राउटर इतरांना वाटतो त्या पत्त्यांत येत नाही ना, हे बघून घ्या. मग दुसऱ्याचं डीएचसीपी, म्हणजे इतर उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि हॉलमधून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटच्या केबलची जागा) न घालता लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायची जागा) घाला. हे न करता नुसतं नाव सारखं केलंत तर दोन वेगळी नेटवर्क एकाच नावाखाली येतात. फोन नाव बघून ‘हे तेच घरचं’ असं समजतो आणि खोली बदलली तरी जुनाच आयपी पत्ता धरून बसू शकतो. मग वाय-फायच्या दांड्या भरलेल्या आणि नेट मात्र बंद. आतल्या खोलीतून हॉलमधला प्रिंटर सापडत नाही, तोही बऱ्याचदा याच कारणाने.

दोन्ही राउटरवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार (डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३), तिन्ही तंतोतंत सारखे हवेत. लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते आणि नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा मोजली जाते. चॅनेल, म्हणजे रेडिओ ज्या पट्ट्यावर बोलतो तो, मात्र वेगळे ठेवा: २.४ वर एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११.

नाव मराठीत ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, फक्त मर्यादा ३२ बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाला तीन. ‘दादर पश्चिम’ ३१ बाइटमध्ये जेमतेम बसतं, पुढे जागा सोडून देवनागरी २ लिहिलात की ३५ होतात आणि राउटर नाकारतो. काही जुन्या राउटरना देवनागरी मुळीच चालत नाही. नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नका. कंपनीने दिलेलं नावही बदला: डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्डपासून किल्ली बनवताना नावही मिसळलं जातं, आणि सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी आधीच तयार केलेले तक्ते चोरट्यांना वापरता येतात.

लपवण्याबद्दल. लपवल्यावरही राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली हजेरी देतच असतो, फक्त त्यात नावाची जागा रिकामी असते. बीएसएसआयडी तसाच दिसतो, आणि तुमचा फोन जोडला जाताना नाव उघडपणे हवेत जातं. त्याहून वाईट म्हणजे लपलेलं नेटवर्क शोधण्यासाठी फोनला नाव घेऊन हाका माराव्या लागतात, म्हणजे दादर स्टेशनच्या फलाटावरही तुमच्या घरचं नाव ऐकू जाऊ शकतं. शेजाऱ्यांना अडवतो तो पासवर्ड. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, पासवर्ड किमान १५-१६ अक्षरांचा, आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय) बंद. एवढं केलंत की नाव खुशाल दिसू द्या.

मॅक फिल्टर, म्हणजे यादीतल्याच मॅक पत्त्यांना (उपकरणाच्या वाय-फायचा स्वतःचा पत्ता) आत घेणारी सोय, लावला असेल तर एक लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन दर नेटवर्कच्या नावाप्रमाणे वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात. नाव बदललं की तो पत्ताही बदलतो आणि घरचाच फोन दाराबाहेर राहतो. म्हणून नाव बदलायच्या आधी फिल्टर काढा. पुढे कधी राउटरच बदललात तर नव्यावर जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि तोच सुरक्षेचा प्रकार ठेवा. टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट बल्ब आपोआप जोडले जातील. यातले बरेच बल्ब आणि कॅमेरे फक्त २.४ वर चालतात, तेव्हा तो रेडिओ बंद करू नका.